सापकांद्याच्या पोटात

“आणि तो त्याआधीच गेला तर?”

शिदूबाबांनी विचारलं आणि चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं.

“जाणार नाही,” स्वामी म्हणाले. “परवा गुरुपौर्णिमा. सगळ्या लोकांसमोर मी त्याला ‘ऊठ’ म्हणेन आणि तो उठेल. तेव्हा तुम्ही व्यासपीठावर हवे आहात, बाबा. तेच आमंत्रण घेऊन आलोय.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“डॉक्टरांना शरीर कळतं.”

“काय म्हणाला?”

…

“उद्याचा दिवस निघणं कठीण आहे म्हणाला.”

स्वामींनी आणलेला नारळ आणि शाल दोघांच्या मध्ये तशीच पडून होती.

मी दारात बसून हे ऐकत होतो. मी म्हादू गुरव. आमच्या गावच्या देवराईची राखण बापजाद्यांपासून आमच्या घराकडं आहे. देवाला पाणी घालायचं आणि देवराईत शिरणाऱ्यांवर खेकसायचं, ही माझी दोन कामं. दुसरं मला जास्त चांगलं जमतं.

शिदूबाबा देवराईच्या तोंडाशी खोपटात राहतात. कोणत्या पंथाचे, ते कोणाला ठाऊक नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, “पावसाळ्यात कोरडी जागा शोधणाऱ्यांच्या.” विचारणारा हसतो आणि पुन्हा विचारत नाही.

आणि स्वामी म्हणजे आमच्याच गावचा जयराम. पोरवयात बाबांकडं आला. झाडपाला शिकला, डोळे मिटून बसायला शिकला आणि एक दिवस उठून निघून गेला. आता तालुक्याच्या रस्त्याला त्याचा मठ आहे, स्थिरानंद असं नाव आहे, दारात गाडी आहे. मलाही त्याला ‘अहो’ म्हणावं लागतं. तोंडावर म्हणतो.

त्याची शिकवण सोपी. बसा आणि उठू नका. मठात एक बिनखिडकीची खोली आहे, तिला ते गुहा म्हणतात. तिथं जाऊन बसायचं आणि स्वामी ‘ऊठ’ म्हणतील तेव्हा उठायचं. पुष्कळ लोक बसतात. संध्याकाळी उठतात, पाया पडतात आणि घरी जाऊन भाकरी-कालवण ओरपतात.

सुभाष गावडे मात्र बसला तो बसलाच. वायरमन पोरगा, खांबावर चढून गावाला उजेड देणारा. बाप नाही, आई एकटी. त्यानं आधी जेवण सोडलं, मग दूध सोडलं आणि कालपासून पाणीही सोडलं होतं. सलाईनची सुई टोचली की उपसून टाकतो. कोणी उचलायला गेलं की मठातली माणसं दारात आडवी होतात. पोलीस येऊन गेले. पोरगा सज्ञान आहे, स्वखुशीनं बसलाय, असं म्हणून तेही गेले.

त्याची आई इंदूबाई काल बाबांकडं आली होती. रडली नाही, ओरडली नाही. पाय धरून एवढंच म्हणाली, “तुमच्या चेल्याला सांगा, माझं पोर मला माघारी दे.”

बाबांनी तिला काही कबूल केलं नव्हतं. ती गेल्यावर बराच वेळ तिच्या वाटेकडं बघत मात्र बसले होते.

मला राहवेना. “अहो स्वामी, मग आजच उठवा की त्याला. परवापर्यंत कशाला थांबायचं?”

“म्हादबा, आज उठवलं तर लोक म्हणतील पोरगा भुकेनं उठला, आईच्या रडण्यानं उठला. एवढी साधना मातीमोल होईल.”

“कोणाची?” बाबांनी विचारलं.

स्वामींनी अंगावरचं उपरणं सारखं केलं.

“चल,” बाबा उठत म्हणाले. “सापकांदे आलेत.”

“आत्ता, बाबा? मला आरतीला पोचायचंय.”

“तुला आवडायचे.”

…

आषाढातल्या देवराईत दुपारीसुद्धा दिवेलागणीची वेळ वाटते. वर पानांचं छप्पर आणि खाली धुकं. पाऊस थांबला तरी झाडं ठिबकत राहतात. त्या दिवशी पाखरू बोलत नव्हतं. बेडूकही गप्प होते, आणि आषाढात बेडूक गप्प बसलेले मी तरी कधी ऐकले नाहीत.

आम्ही वहाणा काढून आत शिरलो. पुढं बाबा, मागं स्वामी, त्यामागं मी.

जुन्या अंजनीच्या बुडाशी, कुजक्या पाल्यातून ते वर आले होते. सापकांदा म्हणजे अळू-सुरणाच्या घरातलं झाड. मोठा सापकांदा कमरेला लागतो. आमच्या देवराईतला त्यातला धाकटा, जेमतेम वीतभर. ना पान ना फांदी. जमिनीतून सरळ एक देठ आणि त्यावर पुढं वाकलेला हिरवा-जांभळा फणा. फण्याच्या तोंडातून शेपटासारखी एक बारीक दांडी बाहेर आलेली.

दरवर्षी बघतो मी ते. कोणाचं तोंड इकडं असतं, कोणाचं तिकडं. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं आमच्याकडं होती.

मी ते बोललो नाही. म्हातारा घाबरला म्हणाले असते.

“सांग,” बाबा म्हणाले.

“काय सांगू?”

“हे काय आहे ते. मला आता विसरायला होतं. तुला सगळं पाठ असायचं.”

स्वामींच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. सांगायला त्यांना आवडतं. मठातल्या प्रवचनाला लावतात तो आवाज त्यांनी इथंही लावला.

“हा फणा म्हणजे फूल नव्हे, बाबा. ते गुंडाळलेलं पान आहे. खरी फुलं आत, दांडीच्या बुडाशी. मोहरीएवढी. बाहेरून दिसतच नाहीत.”

“मग बाहेरून काय दिसतं?”

“थाट. आणि वास येतो.”

“कसला?”

“ओल्या अळंबीचा, कुजक्या पाल्याचा. चिलटांना तो आवडतो. त्यांना वाटतं, अंडी घालायला चांगली जागा सापडली.”

“असते?”

“नाही. आत त्यांच्यासाठी काही नसतं. मधसुद्धा नसतो.”

बोलता बोलता एक चिलट आलंच. फण्याच्या काठावर टेकलं, जरा फिरलं आणि आत घसरलं. कोणी ढकललं नाही की ओढलं नाही.

“आता ते वर येणार नाही,” स्वामी म्हणाले. “भिंत आतून गुळगुळीत असते. पाय ठरत नाही.”

“मग मरतं?”

“झाड नर असेल तर नाही मरत. फणा जिथं एकावर एक गुंडाळलाय ना, तिथं बुडाशी बारीक फट असते. चिलट आत धडपडतं, परागात लोळतं, शेवटी फट सापडते आणि बाहेर पडतं.”

“आणि मादी असेल तर?”

“फट नसते.”

…

“का रे, असं का?”

“साधा हिशेब आहे. नराला चिलट बाहेर पडलेलं हवं असतं, कारण त्याचे पराग दुसरीकडं पोचायचे असतात. मादीला ते पोचले की काम झालं. मग चिलट बाहेर पडलं काय, न पडलं काय.”

स्वामींनी हे अगदी सहज सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. याच जयरामनं लहानपणी पैजेवर सापकांद्याचं कणीस चावलं होतं. हजार सुया टोचल्यासारखी जीभ सुजली आणि दोन दिवस तोंड उघडं टाकून हिंडला होता. बाबांनी आमसुलं चोळून चोळून त्याला बरा केला. तेव्हा त्याला कोणाच्याही दुखण्यानं रडू यायचं.

“अमुक कांदा नर, तमुक मादी, हे जन्मापासून ठरलेलं?”

“तीच तर गंमत आहे,” स्वामी पुढं सरसावले. “कांदा लहान असतो तेव्हा झाड नर. काही पावसाळे जातात, कांदा पोसतो, मग तेच झाड मादी होतं. पाऊस सरता सरता लाल दाण्यांचं कणीस धरतं. त्यात कांदा झिजला तर पुढच्या वर्षी पुन्हा नर.”

“म्हणजे झाड तेच.”

“तेच.”

“नुसतं पोसलं की फट बुजते.”

स्वामींचा प्रवचनाचा आवाज तिथंच थांबला. झाडांवरून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

“तुम्ही मला बोलताय,” ते म्हणाले.

“मी कांद्याबद्दल बोलतोय. तुला कशाला लागलं?”

“बाबा, मी लहान राहिलो नाही आता.”

“दिसतंय की.”

स्वामी रागानं लाल झाले. बाबा शांतपणे उकिडवे बसले आणि मघाशी चिलट शिरलं होतं त्या झाडाकडं बोट केलं.

“कान लाव.”

“काय?”

“कान लाव तिथं. पूर्वी लावायचास.”

स्वामींनी आधी माझ्याकडं बघितलं. मग गुडघे टेकले, हात टेकले आणि गाल ओल्या मातीला लावून फण्याच्या बुडाशी कान नेला.

“फडफडतंय,” जरा वेळानं ते म्हणाले.

“हं.”

“वर चढायला बघतंय… पडलं… पुन्हा चढतंय.”

“हं.”

…

“थांबलं.”

“आता?”

“आता काही नाही.”

“नीट ऐक.”

स्वामी ऐकत राहिले. आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. डोळे उघडे होते, पण ते कुठं बघत होते कोण जाणे.

मग मलाही ऐकू आलं. मी चांगला चार हात लांब उभा होतो, तरी आलं. ते चिलट नव्हतं. कोणीतरी श्वास घेत होतं. माणसाचा श्वास, सावकाश, घशात अडकत येणारा. एक घेतला… आणि दुसरा घ्यायला फार वेळ लावला. मी मनातल्या मनात म्हणालो, घे बाबा, घे. मग तो आला.

स्वामी ताडकन मागं सरले. गालाला चिखल लागला होता.

“हे काय आहे?”

“मला काय विचारतोस? मी म्हातारा माणूस, मला ऐकू कमी येतं.”

“बाबा, हे काय आहे?”

स्वामी उभे राहिले. भीती वाटली की काही माणसं रडतात, काही भांडतात. जयराम लहानपणापासून भांडणारा.

“तुम्ही कायम हेच केलंत माझ्याशी. सरळ काही सांगायचं नाही. मी इथून गेलो त्या दिवशी तुम्ही दारात बसला होतात. ‘जा’ म्हणाला नाहीत, ‘राहा’ म्हणाला नाहीत. मला वाटलं, यांना माझी काही किंमतच नाही. त्याचा राग अजून आहे माझ्या मनात.”

“ठाऊक आहे.”

“नुसतं ‘राहा’ म्हणाला असता तर मी जन्मभर राहिलो असतो.”

“म्हणून तर म्हणालो नाही.”

स्वामींनी पाठ फिरवली आणि तरातरा वाटेला लागले. मी मागोमाग धावलो, कारण माझं काम अजून बाकी होतं.

आमच्या देवराईतून काही बाहेर न्यायचं नसतं. काडी नाही, पान नाही, वाळलेलं शेणसुद्धा नाही. सीमेवर एक धोंडा आहे. तिथं कपडे झटकायचे आणि गुरवानं विचारायचं, “काय नेतोस?” जाणाऱ्यानं सांगायचं, “काही नाही.” मगच धोंडा ओलांडायचा. मामलेदारसुद्धा असंच सांगून गेलाय. खोटं सांगितलं तर चकवा लागतो. माणूस सरळ चालत राहतो आणि असतो तिथंच येतो. माझ्या आज्याच्या वेळचे किस्से आहेत. मी स्वतः कधी बघितलं नव्हतं.

“काय नेताय?”

“काही नाही.” धोंड्यावर पाय ठेवता ठेवताच स्वामी म्हणाले.

धोंड्यापलीकडं धुक्यात त्यांची गाडी उभी होती, दिवे लागलेले दिसत होते. स्वामी तिकडं गेले. भगवं वस्त्र धुक्यात विरलं. मी सुटलो म्हणून माघारी वळलो.

समोरून, देवराईच्या आतून, स्वामी चालत येत होते.

“गाडी कुठं गेली?” त्यांनी मला विचारलं.

मी नुसतं मागं बोट दाखवलं. मागं दिवे तसेच होते.

“अंधारात चुकलो असेन,” ते म्हणाले. अंधार कुठं होता? धुकं होतं, पण वाट हातभर रुंद आणि सरळ.

दुसऱ्या खेपेला त्यांनी नीट कपडे झटकले. गळ्यातली माळ काढून धोंड्यापाशी ठेवली, बोटातली अंगठी ठेवली, खिशातली अंगाऱ्याची पुडी ठेवली.

“काय नेताय?”

“काही नाही.”

या खेपेला मी पाठ फिरवली नाही. डोळे फाडून बघत राहिलो. ते गेले, धुक्यात शिरले. पलीकडून ड्रायव्हरची हाक आली, “स्वामी, आलात का? कुठं आहात?”

आणि माझ्या पाठीमागं पाल्यावर पावलं वाजली.

मी वळून बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं. ते आपणच पुढं आले आणि धोंड्यापाशी उभे राहिले. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते आणि धापा टाकत होते.

“मला बाहेर काढ, म्हादबा.”

“मी कुठं धरलंय तुम्हाला?”

“विचार पुन्हा.”

“काय नेताय?”

त्यांनी तोंड उघडलं. ‘काही’ एवढं ओठांवर आलं… आणि पुढचं येईना. दोनदा प्रयत्न केला. मग ते धोंड्यावर मटकन बसले.

“तो श्वास,” ते हळूच म्हणाले. “तू ऐकलास?”

“ऐकला.”

“किती वेळ लावत होता रे.”

एवढ्यात बाबाही काठी टेकत आले आणि बाजूच्या मुळीवर बसले.

देवराईत फोनला रेंज नसते. धोंड्यापाशी तेवढ्या दोन दांड्या येतात, म्हणून गावातली पोरं तिथं टोळकं करून बसतात आणि माझ्या शिव्या खातात. स्वामींनी फोन काढला. तो मांडीवर ठेवून आवाज मोठा केला. मठातल्या कारभाऱ्यानं उचलला.

“सुभाष?” स्वामींनी विचारलं.

“बसलाय, स्वामी. डॉक्टर पुन्हा आलेत. त्याची आईपण बाहेर बसून आहे.”

“गुहेत जा. फोन त्याच्या कानाशी धर.”

चालल्याचा आवाज आला, दार करकरलं आणि मग शांतता झाली.

त्या शांततेत श्वास ऐकू आला. सावकाश, घशात अडकत येणारा. मघाचाच. मी ओळखला आणि स्वामींनीही ओळखला. त्यांनी माझा हात घट्ट धरला, लहानपणी धरायचा तसा.

“सुभाष,” ते म्हणाले. “मी बोलतोय. ऊठ.”

…

“सुभाष, बाळा, झालं. पुरे आता. ऊठ. पाणी पी.”

श्वास थांबला. मला वाटलं, संपलं. मग आवाज आला. वाळक्या पानावरून काहीतरी सरकावं इतका बारीक. पोरगा हसत होता.

“स्वामी… तुम्ही सांगितलं होतं ना.”

“काय सांगितलं होतं?”

“शेवटी शेवटी… तुमचाच आवाज येईल. ऊठ म्हणेल. पाणी पी म्हणेल. गुरुपौर्णिमेच्या आधी आला तर… तो मी नाही.”

“सुभाष, ऐक…”

“मी फसलो नाही, स्वामी,” पोरगा म्हणाला. कौतुकाची वाट बघत असल्यासारखा जरा थांबला. पुढं नुसता श्वास आला आणि मग फोन बंद पडला.

गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी. पण मला तेव्हा म्हण सुचली नाही. मला त्या पोराची आई दिसत होती, दाराबाहेर बसलेली.

“मीच सांगितलं होतं,” स्वामी म्हणाले. “पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगतो. ऐकायला बरं वाटतं… लोक माना डोलावतात.”

“मग समोर जाऊन सांगा,” मी म्हणालो. “चेहरा बघून तरी पटेल.”

“नाही पटणार. भुलवणारा माझं रूप घेऊनही येईल, असंही सांगितलंय.”

“मग आईला आत सोडा.”

“आईचं रूप घेऊन येईल, असंही.”

मी कपाळावर हात मारला.

स्वामी धोंड्यावरून उतरले आणि चिखलात बाबांसमोर बसले. आता ते रडत होते, लपवतही नव्हते.

“बाबा, तुम्ही चला. तुमचं ऐकेल तो.”

“मी त्याचा कोण?”

“माझे गुरू.”

“मग तर मुळीच ऐकणार नाही.”

“मी कुठंच फट ठेवली नाही, बाबा. एकही नाही ठेवली. पोरगा मरेल.”

बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तो तिथंच राहू दिला. धुकं जरा विरळ झालं होतं आणि गाडीचे दिवे जवळ आल्यासारखे दिसत होते.

“तो कोणासाठी बसलाय?” बाबांनी विचारलं.

“स्वामींसाठी.”

“स्वामी आहेत तोवर उठेल?”

“नाही.”

…

“मग स्वामी इथंच ठेव आणि लवकर जा, जयराम. त्याच्याजवळ बस आणि सांग, तुझे स्वामी आज देवराईत मेले… पण बघ, खोटं बोलू नकोस.”